शेतावरचा हिवाळी सण: आधी गोठा, मग पाहुणे

नमस्कार मंडळी. शहर सोडून शेतावर राहायला आलो त्याला आता तिसरा हिवाळा लागलाय, आणि ओळखीतलं कुणीही भेटलं की एकच विचारतं, अगं हिवाळ्याच्या सुट्टीत तुम्ही तिकडे करता काय? तर आज त्यावरच बोलूया. यंदाच शेतावर राहायला गेला असाल आणि पहिलाच सण तोंडावर आला असेल तर हा व्हिडिओ खास तुमच्यासाठी आहे.

पहिल्या वर्षी आम्ही शहरातलाच सण उचलून इथे आणला. मोठं जेवण रात्री आठला, मग जागरण, सकाळी निवांत उठायचं, असा सगळा बेत. आणि झालं काय, तर पाहुणे गाडीतून उतरले नेमके दिवस मावळताना, तिकडे शेळ्या ओरडतायत, कोंबड्या बंद करायच्या राहिल्यात, आणि मी नवे कपडे घालून हातात बॅटरी घेऊन खुराड्याकडे पळतेय. रात्री ताटावर बसले तेव्हा माझे डोळे मिटत होते. मुलगी म्हणाली, आई, तुला सण आवडला नाही का? ते अजून लागून राहिलंय मला.

दुसऱ्या वर्षी आम्ही जेवणच दुपारी आणलं. एवढा एकच बदल, पण त्याने सगळा दिवस सुटला. सकाळची कामं आटपून अंघोळ करून बसायचं, दुपारी एकला पंगत, आणि संध्याकाळचं चारा-पाणी पाहुण्यांना सोबत घेऊन. लोकांना हे आवडतं हो, खरंच. शहरातून आलेल्या माणसाच्या हातात वैरणीची पेंडी दिली की त्याचा चेहरा बघा.

उजेडाचं गणित मात्र डोक्यात पक्कं असू द्या. उत्तर गोलार्धात सगळ्यात लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, दक्षिणेत तो जूनमध्ये. पण सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो त्याच दिवशी नाही, उत्तरेच्या मधल्या अक्षांशांवर तो त्याच्या आठवडा-दोन आठवडे आधीच मावळून घेतो, आणि सूर्योदय मात्र जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत पुढेच सरकत राहतो. म्हणजे सुट्टीच्या आठवड्यात संध्याकाळ लांबायला लागलेली असते पण पहाट अजून काळोखीच, त्यामुळे बॅटरी सकाळसाठी चार्ज करून ठेवा.

आता कोंबड्या. सणाला अंडी सगळ्यात जास्त लागतात आणि नेमकी तेव्हाच मिळत नाहीत. कोंबडीला नियमित अंडं द्यायला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो, त्यात शरद ऋतूत पिसं झडून नवी येत असतात, मग अंगातला जोर तिकडेच जातो. बल्ब लावता येतो, पण लावलाच तर पहाटेच्या बाजूला लावा, संध्याकाळी नको, कारण संध्याकाळी दिवा एकदम बंद झाला की कोंबड्या जिथे असतील तिथेच अंधारात अडकतात, दांडीवर चढू शकत नाहीत. आम्ही बल्ब लावतच नाही, दोन महिने त्यांना विसावा देतो. त्याऐवजी आधीच्या आठवड्यांतली स्वच्छ, न धुतलेली अंडी फ्रीजमध्ये साठवतो. अंड्यावर एक पातळ नैसर्गिक थर असतो, तो धुण्याने जातो, म्हणून धुवायचं ते वापरायच्या वेळी.

शेळ्यांचं नियोजन तर मला फारच आवडतं, कारण ते आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षी सणाच्या पहाटे धार काढायला उठावं लागलं नसतं. शेळी साधारण १५० दिवसांनी विते, आणि विण्याआधी दोन महिने तिला आटवतात, म्हणजे दूध काढणं बंद करतात, तिच्या पोटातल्या करडांसाठी. तर सप्टेंबरच्या २५ तारखेच्या आसपास शेळी गाभण राहिली तर फेब्रुवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विणार, आणि दोन महिने मागे या, डिसेंबरची २४-२५ तारीख येते. आटवायला सुरुवात आणखी थोडी आधी केली की सणात धारच नाही. म्हणजे सणाची खरी तयारी सप्टेंबरात, कॅलेंडरसमोर बसून होते.

सरपणाचंही तसंच आहे. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली यायला सहा महिने ते वर्ष, जाड लाकडाला त्याहूनही जास्त लागतं. ओलं लाकूड जाळलं की धुरांड्यात डांबरासारखी काजळी चिकटते आणि तीच एखाद्या दिवशी पेट घेते. डिसेंबरची शेकोटी वसंतातच फोडून रचून ठेवा.

थंडीची लाट आली तर गुरांना आदल्या रात्री वैरण वाढवा. चारा पोटात आंबताना उष्णता तयार होते, म्हणजे गाईच्या पोटात तिची स्वतःची शेगडी असते, फक्त तिला सुकं गवत हवं. आणि अंग कोरडं हवं. कोरड्या दाट केसांची गाय बरीच थंडी सोसते, तीच भिजली की कुडकुडते, म्हणून गोठ्याचं छप्पर गळत असेल तर आकाशकंदील नंतर, आधी छप्पर.

सजावटीबद्दल दोन गोष्टी हात जोडून सांगते. गोठ्यात मेणबत्ती नको, हीट लॅम्पही नको, खाली सुका पेंढा असतो. बॅटरीवरची एलईडी माळ लावा, छान दिसते. दुसरं, सण झाल्यावर उतरवलेला हिरवा पाला न बघता शेळ्यांपुढे टाकू नका. यू नावाचं सदाहरित झाड, कण्हेर, ऱ्होडोडेंड्रॉन नावाचं फुलझाड, हे सगळं जनावरांना विषारी आहे, यू तर थोडासा खाल्ला तरी जीव जातो.

वीज गेली आणि जनरेटर चालू केला तर तो घरापासून निदान सहा मीटर लांब, दारं-खिडक्यांकडे धुराडं न करता. व्हरांड्यातसुद्धा नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही.

आमची सगळ्यात लाडकी सजावट मात्र बादलीतून येते. कडाक्याच्या थंडीत सकाळी पाण्याच्या बादलीवर बर्फ धरलेला असतो, तो फोडून गरम पाणी ओतायचं हे रोजचं काम, गुरं गार पाणी कमी पितात ना. एकदा मुलीने ती चकती न फोडता बादली उपडी करून काढली. थाळीएवढी, बोटभर जाड, मध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे आणि गवताची एक काडी. तेव्हापासून आम्ही आदल्या संध्याकाळी एका वेगळ्या ताटलीत पाणी घालून त्यात पानं, लाल फळं आणि सुतळीचा फास सोडून बाहेर ठेवतो. सकाळी ती चकती फांदीला टांगायची. ऊन आरपार येतं तेव्हा आतली पानाची शीर न् शीर दिसते, आणि दुपारी पंगत बसते तोवर ती ठिबकायला लागलेली असते. पाहुण्यांची मुलं आता आल्या आल्या ताटली कुठे विचारतात.

आणि हो, तुम्हालाही कधीतरी आईकडे जावंसं वाटणार. आम्ही शेजारच्या शेतावरच्यांशी अदलाबदल ठरवलीय, एक दिवस ते आमची जनावरं बघतात, एक दिवस आम्ही त्यांची. त्यासाठी दाराच्या आतून एक कागद चिकटवलाय. कोणाला किती खुराक, पंपाचं बटण कुठे, कुठली शेळी शिंगं मारते, डॉक्टरांचा नंबर, सगळं त्यावर. हा कागद निघायच्या दिवशी लिहायला बसू नका, आठवडाभर आधी लिहा आणि त्या शेजाऱ्याला घेऊन एक फेरी मारा, त्याला काय कळलं नाही ते तिथेच कळतं.

चला, उजेड उतरतोय, कोंबड्या दांडीवर चढायला लागल्यात. मी खुराडं लावून येते.