प्रिन्स जॉर्ज: एका हॉटेलची घरे

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, फिफ्थ आणि मॅडिसन या दोन अॅव्हेन्यूंच्या मधल्या पट्ट्यात, ईस्ट 28व्या स्ट्रीटवर ही इमारत उभी आहे. 1904 साली ती प्रिन्स जॉर्ज हॉटेल म्हणून बांधली गेली. दारावर नाव आजही तेच आहे, पण आत कोणी पाहुणा उतरत नाही. वरच्या मजल्यांवर आता 416 छोटी घरे आहेत आणि त्यांतले बरेचसे रहिवासी येथे येण्यापूर्वी रस्त्यावर किंवा रात्रनिवाऱ्यात झोपत होते.

या इमारतीत बेघर माणसांना ठेवण्याचा प्रयोग दोनदा झाला. पहिला इतका फसला की शेवटी इमारतीला कुलूप लावावे लागले; दुसरा गेली पंचवीसहून अधिक वर्षे सुरू आहे. भिंती त्याच, रस्ता तोच, शेजारही जवळपास तोच. मग बदलले काय, हे पाहण्यासाठी आपण येथे आलो आहोत.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कमध्ये एकट्या, तुटपुंज्या कमाईच्या माणसासाठी एका खोलीची हॉटेले असत. एक खाट, एक खिडकी आणि संडास-न्हाणीघर मजल्यावर सामाईक. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की तिथे गाववाल्यांची सोबत होती आणि येथे माणूस एकटा होता. 1955च्या कायद्याने अशा नव्या खोल्या बांधायला बंदी घातली, पुढे करसवलती मिळाल्याने मालकांनी जुन्या खोल्या पाडून महागडे फ्लॅट काढले, आणि तीनेक दशकांत लाखभर स्वस्त खोल्या शहरातून नाहीशा झाल्या. नेमक्या याच काळात राज्याची मनोरुग्णालयेही रिकामी होत होती. 1955मध्ये तेथे सुमारे 93,000 रुग्ण होते. 1980च्या सुमारास त्यांची संख्या पंचवीस हजारांच्या आसपास आली. रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाला परवडेल अशी खोली शहराने आधीच मोडून टाकली होती.

एका बेघर माणसाच्या वतीने 1979मध्ये दाखल झालेल्या खटल्यातून 1981 साली तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि रात्रीचा निवारा देणे न्यूयॉर्कवर बंधनकारक ठरले. पुढे बेघर कुटुंबांची संख्या वाढत गेली, तशी महापालिकेने ओसरती कळा लागलेली हॉटेले घेतली आणि त्यांत ही कुटुंबे ठेवायला सुरुवात केली. प्रिन्स जॉर्जमध्ये एका वेळी हजाराहून अधिक स्त्रिया आणि मुले राहत होती. अशा हॉटेलांतल्या खोलीत स्वयंपाकघर नसे आणि शेगडी लावायला मनाई असे, म्हणून आया चोरून हॉटप्लेटवर मुलांचे जेवण करीत. मालकाला रोजच्या हिशेबाने पैसे मिळत. बाजारात एखादा फ्लॅट जेवढ्यात मिळाला असता, त्याहून जास्त भाडे शहर एका खोलीसाठी मोजत होते. राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती मात्र ना भाडेकरार होता, ना उद्याची खात्री. गुन्हे वाढले, शेजारी वैतागले, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इमारत रिकामी करण्यात आली. या फजितीचा दोष तिथल्या कुटुंबांवर टाकणे सर्वांनाच सोयीचे होते, आणि तो टाकलाही गेला.

वेगळी वाट याआधीच दिसू लागली होती, आणि तीही येथून चार रस्ते अलीकडे. ईस्ट 24व्या स्ट्रीटवरचे एक जुने हॉटेल फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मबंधूंनी विकत घेतले आणि 1980मध्ये मनोरुग्णालयांतून बाहेर पडलेल्या माणसांसाठी तेथे सेंट फ्रान्सिस रेसिडेन्स सुरू केले. खोली प्रत्येकाची स्वतःची, आणि औषधे, पैशांचा हिशेब, डॉक्टरची भेट यांत हात देणारी माणसे त्याच इमारतीत. अमेरिकेत पुढे ज्याला सपोर्टिव्ह हाउसिंग म्हणू लागले, त्याची ही सुरुवातीची पायरी मानली जाते.

1990मध्ये रोझॅन हॅगर्टी यांनी कॉमन ग्राउंड ही संस्था काढली आणि टाइम्स स्क्वेअरजवळचे एक मोडकळीस आलेले हॉटेल हाती घेऊन त्यात 652 घरे केली. या संस्थेने 1996 साली प्रिन्स जॉर्ज विकत घेतले आणि 1999मध्ये ते पुन्हा उघडले.

आता एका घरात जाऊ. दार उघडताच समोर पलंग, त्याच्या पलीकडे खिडकी, एका बाजूला लहानसा ओटा आणि फ्रीज, दुसऱ्या बाजूला स्वतंत्र न्हाणीघर. एवढाच पसारा. जुने हॉटेल निवासासाठी सोयीचे पडते ते यामुळेच. हॉटेलच्या प्रत्येक खोलीला खिडकी असते आणि पाण्याचे नळ मजल्यामजल्यावर आधीच पोचलेले असतात. कार्यालयांच्या रुंद इमारतीत मधल्या भागाला ना उजेड मिळतो ना वारा, आणि संडासाचे पाइप एकाच कोपऱ्यात उभे असतात. पण या खोलीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू चटकन नजरेस येत नाही, कारण ती कागदाची आहे. ती म्हणजे भाडेकरार. रहिवासी साधारणपणे आपल्या उत्पन्नाच्या 30 टक्के भाडे भरतो, मग ते उत्पन्न पगाराचे असो वा सरकारी भत्त्याचे. त्याला आतून कडी लावता येते, आणि करार मोडल्याशिवाय त्याला कोणी बाहेर काढू शकत नाही.

दुसरा बदल रहिवाशांच्या निवडीत आहे. सगळी घरे बेघरांना देण्याऐवजी त्यांच्या बरोबरीने तुटपुंज्या पगारावर नोकरी करणाऱ्यांनाही येथे घरे दिली आहेत. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी कोण कुठून आले, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तळमजल्यावर चोवीस तास पहारा असतो आणि समाजकार्यकर्त्यांची कचेरी इमारतीतच आहे. त्यांची मदत घ्यायची की नाही, हे रहिवाशाने ठरवायचे. आमच्या मते पहिला आणि दुसरा प्रयोग यांतला खरा फरक या तळमजल्यावर आहे. वरच्या खोल्या तर पहिल्या वेळीही होत्या.

शेजाऱ्यांची भीती मात्र खोटी नव्हती. त्यांनी पहिला प्रयोग डोळ्यांनी पाहिला होता. अशी इमारत आली की आपल्या घरांच्या किमती पडतील, ही शंका जगात कुठल्याही वस्तीत पहिल्याच बैठकीत निघते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फरमन सेंटरने 2008मध्ये शहरातल्या अशा निवासांच्या आसपासचे घरांचे व्यवहार तपासले, तेव्हा 500 फुटांच्या आतल्या घरांच्या किमती घसरल्याचे दिसले नाही. खर्चाचा हिशेबही झालेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 साली दाखवून दिले, की गंभीर मानसिक आजार असलेला एक बेघर माणूस निवारे, रुग्णालये आणि तुरुंग यांच्या फेऱ्यांत वर्षाला सुमारे 40,000 डॉलर सार्वजनिक पैसा खर्चायला लावतो, आणि त्याला असे घर दिल्यावर त्यातले सुमारे 16,000 डॉलर वाचतात. घराच्या खर्चाचा मोठा भाग या बचतीतून भरून निघतो.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे सारे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. पण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरी परतू न शकलेली माणसे आहेत. घरच्यांनी नाकारले, घर नाही, किंवा समाजात तशी सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याचे कलम 19 स्पष्टपणे सांगते, आणि अशा व्यक्तींसाठी वस्तीत निवासाची सोय उभी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. 2019मध्ये बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्यावरून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला खडसावले होते. एका छपराखालून उचलून दुसऱ्या छपराखाली ठेवणे म्हणजे प्रिन्स जॉर्जचा पहिला प्रयोग, हे 28व्या स्ट्रीटवर उभे राहिले की लगेच ध्यानात येते.

शेवटी इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊ. जुन्या हॉटेलचे नृत्यगृह कित्येक वर्षे बंद पडून होते. कामाचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या हातांनी त्याच्या छताची नक्षी पुन्हा रंगवली गेली. आता हे सभागृह लग्नांना आणि मेजवान्यांना भाड्याने दिले जाते आणि त्याचे उत्पन्न संस्थेच्या कामाला मिळते. त्याचे दार 27व्या स्ट्रीटवर उघडते. शनिवारी संध्याकाळी वऱ्हाडी मंडळी त्या दाराने आत जातात, आणि त्याच वेळी 28व्या स्ट्रीटच्या दाराने कोणी हातात वाणसामानाची पिशवी घेऊन, पहारेकऱ्याला मान डोलावून, लिफ्टकडे वळलेला असतो.