एका बॅगेत सापडलेली तीन पुस्तकं

मित्रहो, आजचा विषय ठरवताना मला सांगितलं होतं की शास्त्रीय ग्रंथ, अभिजात साहित्य आणि कथा-कादंबऱ्या या तिन्हींबद्दल बोला. तीन व्याख्यानांचा हा ऐवज आहे. पण तीन वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं एका बॅगेत एकत्र सापडतात, असा एक प्रसंग मला माहीत आहे. तिथूनच सुरुवात करतो.

इंग्लिश लेखिका मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय. ती लिहायला घेतली तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. सिनेमांमुळे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो नुसता गुरगुरणारा राक्षस. कादंबरीतला, एका तरुणानं प्रयोगातून घडवलेला तो जीव मात्र वाचणारा आहे, मन लावून वाचणारा. जगानं हाकलून दिल्यावर तो एका घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो आणि फटीतून कान देऊन भाषा शिकतो. मग एका रात्री जंगलात त्याला एक चामडी बॅग सापडते. तिच्यात काही कपडे असतात आणि पुस्तकं: इंग्लिश कवी मिल्टनचं महाकाव्य ‘पॅरडाइज लॉस्ट’, प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कनं लिहिलेल्या थोरांच्या चरित्रांचा एक खंड, आणि जर्मन लेखक गटेची वेर्थर नावाच्या तरुणाची कादंबरी.

वेर्थर वाचून तो रडतो. त्या तरुणाचा शेवट त्याला नीटसा कळत नाही, तरी रडतो. प्लुटार्क वाचून त्याला पहिल्यांदा समजतं की आपल्या दुःखापलीकडे राज्यं आहेत, कायदे करणारी माणसं आहेत. आणि मिल्टन? तो तर त्याला मुळापासून हलवून टाकतो. आता इथे एक वाक्य येतं आणि त्या वाक्यापाशी मी दर वेळी थांबतो. तो सांगतो, बाकीची पुस्तकं वाचली तसंच हेही मी खरा इतिहास म्हणून वाचलं.

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की हे काव्य आहे, ते चरित्र आहे, ही कादंबरी आहे. तिन्हींवर त्यानं सारखाच विश्वास ठेवला. आणि याच कादंबरीत दुसराही एक वाचक आहे, त्याला घडवणारा व्हिक्टर. तेरा वर्षांचा असताना त्याच्या हाती कॉर्नेलियस अग्रिपा या गूढविद्येच्या लेखकाचा जुना ग्रंथ लागतो. वडील मुखपृष्ठावर नजर टाकतात आणि म्हणतात, यात वेळ घालवू नकोस, टाकाऊ आहे हे. संपलं! हे सिद्धांत केव्हाच खोटे ठरलेत, त्यांच्या जागी नवं विज्ञान आलंय, एवढं समजावलं असतं तर मी ते पुस्तक बाजूला ठेवलं असतं, असं व्हिक्टर पुढे स्वतः म्हणतो. कालबाह्य शास्त्र त्यानं चालू शास्त्र म्हणून वाचलं. पुढचा सगळा अनर्थ या एका पुस्तकानं केला असं मी म्हणणार नाही. पण सुरुवात तिथे आहे.

म्हणून मला असं वाटतं, आणि आज मुख्यतः हेच सांगायला मी उभा आहे, की प्रत्येक प्रकारचं पुस्तक आपल्याकडे वेगळ्या जातीचा विश्वास मागतं. एकाच जातीची पुस्तकं वाचणारा माणूस एकाच तऱ्हेनं विश्वास ठेवायला शिकतो.

हे मला फार उशिरा आणि फार लाजिरवाण्या रीतीनं कळलं. मी इतिहास शिकवायला लागलो ते पहिलं वर्ष. एका दरबारातला प्रसंग मी वर्गात रंगवून सांगितला: वजीर पत्र वाचतो, एक शब्द न बोलता ते दिव्यावर धरतो आणि राख खाली पडेपर्यंत राजाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभा राहतो. मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “सर, हे कुठल्या साधनात आहे?” उद्या सांगतो म्हणालो. तीन दिवस शोधत होतो. बखरी पाहिल्या, पत्रव्यवहार पाहिला. शेवटी तो प्रसंग सापडला तो घरच्या कपाटात, चौदाव्या वर्षी वाचलेल्या एका कादंबरीत. राखेसकट. चौथ्या दिवशी वर्गात जाऊन मी तसं सांगितलं. कादंबरीकाराचा यात काहीच दोष नव्हता. त्यानं माझ्याकडे तेवढ्या तासांपुरता विश्वास मागितला होता आणि मी तो आयुष्यभरासाठी देऊन बसलो होतो.

त्या दिवसापासून मी अभ्यासाचा ग्रंथ मागून उघडतो. आधी सूची, मग संदर्भ, मग तळटीपा. तळटीप म्हणजे लेखकानं आपल्याला दिलेली किल्ली आहे: माझ्यावर विसंबू नका, हे दार उघडून स्वतः पाहा. चांगल्या शास्त्रीय ग्रंथाची माझी खूण एकच, तो स्वतःच्या विरुद्धची बाजू कुठे ठेवतो. डार्विनच्या १८५९ सालच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये एक अख्खं प्रकरण स्वतःच्या सिद्धांतापुढच्या अडचणींवर आहे. वाचकाच्या मनात शंका यायच्या आत हा माणूस ती मांडतो. आणि १८७२ पर्यंतच्या सहा आवृत्त्यांमध्ये तो मजकूर बदलत राहतो. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’, म्हणजे जो सर्वांत योग्य तो टिकतो, हे शब्द, जे आपण डार्विनच्या नावावर सरसकट खपवतो, ते पहिल्या आवृत्तीत नाहीतच. ते पाचव्या आवृत्तीत, १८६९ मध्ये आले. तोही शब्दप्रयोग मूळचा हर्बर्ट स्पेन्सर या इंग्लिश विचारवंताचा.

पण हाच डार्विन वाचताना आपण गोष्टही वाचत असतो. लाल क्लोव्हर नावाच्या रोपाच्या फुलांना परागीकरणासाठी भुंग्यांची गरज असते, भुंग्यांची घरटी उंदीर उद्ध्वस्त करतात, उंदरांना मांजरं खातात. म्हणजे एखाद्या मुलखात मांजरं किती, यावर तिथली फुलं किती हे ठरू शकतं. काय सुंदर साखळी आहे! आज जीवशास्त्र शिकायला कुणी हे पुस्तक प्रथम हाती घेणार नाही. आनुवंशिकता नेमकी कशी चालते हे डार्विनला ठाऊक नव्हतं. शास्त्राच्या फळीवरून ते हळूहळू अभिजाताच्या फळीवर सरकलं आहे. पुस्तकं अशी फळी बदलतात, आणि बदलली की त्यांच्याकडे न्यायचे प्रश्नही बदलायला हवेत.

अभिजात ग्रंथांबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण तिथे आपला गोंधळ सर्वांत मोठा आहे. अभिजात म्हटलं की आपण एकतर हात जोडतो किंवा हात झटकतो. दोन्हीत वाचणं राहून जातं. जुन्या ग्रंथाला विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते असा: बाबा रे, तू माझ्यापर्यंत आलास कसा?

महाभारताचं उदाहरण घ्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून जुन्यात जुना पाठ ठरवण्याचं काम १९१९ मध्ये हाती घेतलं आणि ते १९६६ मध्ये पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. १२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या, १९ खंड झाले. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ मध्ये गेले. काम पुढच्यांनी नेलं. यातला एखादा खंड हातात घेऊन त्याचं एक पान तरी नीट पाहा, एवढी माझी विनंती आहे. वर श्लोक आणि खाली बारीक टाइपात पाठभेदांची रांग. कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा, कुठे ओळ गळली, कुठे कुणी घातली. आणि वरच्या श्लोकांतल्या काही शब्दांखाली नागमोडी रेघ. ती रेघ म्हणजे संपादकाची कबुली: इथे माझी पूर्ण खात्री नाही. इतकं प्रामाणिक चिन्ह मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात पाहिलेलं नाही.

व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. चिकित्सक आवृत्तीत ती मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. पोथ्यांचा पुरावा पाहता ती नंतर आली असं ठरलं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मग लक्षात आलं, संपादकांनी ती फेकून दिलेली नाही. तिची जागा तेवढी नेमकी सांगितली आहे. कुण्या लेखनिकाला, कदाचित बोटं दुखत असताना, वाटलं असेल की एवढा ग्रंथ लिहायला देवच हवा. हा माझा तर्क, पुरावा नाही. पण शास्त्र, अभिजात आणि कल्पित अशी तिन्ही त्या एका परिशिष्टात शेजारी शेजारी बसलेली मला दिसतात.

कथा-कादंबऱ्यांवर मी वेगळं फार बोलणार नाही. त्यांची वकिली करायची गरज नसते. एवढंच म्हणेन की कादंबरी वाचताना मध्येच ‘हे खरं घडलं का’ असं विचारू नका. शेवटच्या पानापर्यंत पूर्ण विश्वास ठेवा. पुस्तक मिटल्यावर हवं तेवढं विचारा.

जाता जाता एक असं पुस्तक, जे कुठल्या फळीवर ठेवावं हे मला आजवर ठरवता आलेलं नाही: भास्कराचार्यांची ‘लीलावती’. ११५० चा सुमार. गणिताचं पाठ्यपुस्तक, शतकानुशतकं शिकवलं गेलेलं, म्हणजे शास्त्र. आठशेहून अधिक वर्षं टिकलेलं, म्हणजे अभिजात. आणि त्यातलं एक उदाहरण असं: भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ, तेवढे भुंगे मालतीकडे गेले. सगळ्या थव्याचे आठ नवमांशही गेले. रात्री सुगंधाच्या लोभानं एक भुंगा कमळात अडकला, तो आतून गुंजारव करतोय आणि त्याची भुंगी बाहेरून त्याला साद देतेय. तर सांग, भुंगे एकूण किती?

उत्तर बहात्तर. बहात्तरचे निम्मे छत्तीस, त्याचं वर्गमूळ सहा. आठ नवमांश चौसष्ट. चौसष्ट आणि सहा सत्तर. उरले दोन: एक कमळाच्या आत, एक बाहेर.