हेराक्लीसची दहा कामं बारा कशी झाली?

तिसरीच्या मुलांना पाच तासिकांत ग्रीक पुराणकथा कशा शिकवायच्या, असा माझ्या भाषणाचा विषय जाहीर झालाय. तिकडे येतोच. पण आधी वर्गातल्या भिंतीवरच्या त्या तक्त्याचा समाचार घेऊ द्या. बारा देव, बारा खाती. पोसायडनकडे जलसंपदा, डिमीटरकडे कृषी. मंत्रिमंडळही पक्कं नाही. बाराव्या खुर्चीवर कुठे हेस्तिया, कुठे डायोनायसस, आणि झ्यूसचा सख्खा भाऊ हेडीस पाताळात राहतो म्हणून बहुधा यादीबाहेर. मुलं हे पाठ करतात आणि सोमवारपर्यंत विसरतात. अथेना युद्धाची, एरीसही युद्धाचा, मग दोघांचं जमतं का? हे तक्ता सांगत नाही. होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यात मात्र अथेना डायोमिडीस या ग्रीक योद्ध्याचा भाला एरीसच्या पोटात रेटते आणि तो युद्धदेव गाऱ्हाणं घेऊन बापाकडे, झ्यूसकडे जातो. एवढं सांगा, मुलं दोघांना जन्मात विसरणार नाहीत.

म्हणून सुरुवात हेराक्लीसपासून, म्हणजे आपल्या ओळखीच्या हर्क्युलिसपासून. त्याच्या हातून वेडाच्या भरात स्वतःचीच मुलं मारली गेली. आठ वर्षांच्या मुलांना तपशील नको, पण ‘स्पर्धा होती’ अशी थापही नको. ‘फार मोठा अपराध घडला, त्याचं प्रायश्चित्त म्हणून युरिस्थियस राजाची चाकरी’ इतकं पुरतं.

आता गंमत बघा. अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रंथात कामं ठरली होती दहाच. हायड्रा नावाच्या राक्षसी पाणसापाला नऊ डोकी, मधलं अमर. एक ठेचलं की दोन उगवायची. मग पुतण्या आयोलाउसने जळत्या लाकडांनी मानांचे बुंधे डागले आणि हेराक्लीसने अमर डोकं शिळेखाली गाडलं. राजा म्हणाला, मदतनीस घेतलास, हे काम बाद! पुढे ऑजियसचे शेणाने भरलेले गोठे. हेराक्लीसने आल्फिअस आणि पिनिअस नद्या वळवून ते एका दिवसात धुतले. पण आधी ठरवलं होतं की गुरांचा दहावा हिस्सा मजुरी म्हणून घ्यायचा. ऑजियसने ती बुडवली, आणि युरिस्थियस म्हणाला, मजुरी ठरवलीस, हेही बाद! दहा वजा दोन, म्हणून आणखी दोन. इथे वर्गाचं न्यायालय करा. मदत म्हणजे कॉपी का? मजुरी मिळालीच नाही, तरी काम बाद? तासिका संपते, वाद संपत नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा भराभर. पहिल्या तासिकेत चित्र: पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या, इ.स.पू. सहाव्या शतकातल्या पाण्याच्या कलशावर हेराक्लीस तीन डोक्यांचा कुत्रा आणतोय आणि राजा भीतीने रांजणात लपलाय. गोष्ट सांगण्याआधी चित्र दाखवा, मुलांनाच ओळखू द्या. दुसरीत हेराक्लीसचं पहिलं काम, म्हणजे सिंह, आणि हायड्रा. कथन दहा मिनिटं, नवी नावं चारच, ती फळ्यावर. तिसरीत गोठे आणि न्यायालय. चौथीत पर्सेफनी, हेडीसने पाताळात नेलेली डिमीटरची मुलगी: होमरच्या नावावरच्या स्तोत्रात डाळिंबाचा एक दाणा आणि वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात, रोमन कवी ओव्हिडकडे सात दाणे आणि निम्मं वर्ष. खरी कुठली, असं विचारतील; दोन्ही सांगितल्या जात, म्हणा आणि महिने मोजायला लावा.

पाचवीत कलशाचं चित्र. जाड कार्डावर नारिंगी तेलखडू दाबून घासायचा, वर काळा पोस्टर रंग, मग टूथपिकने कोरायचं. रंगात भांड्याच्या साबणाचे दोनतीन थेंब हवेत, नाहीतर मेणावर तो थेंबथेंब गोळा होतो. जाड थर दिलात तर कोरताना पापुद्रे निघतात. ओला असताना कोरलात तर रेघ परत बुजते. म्हणून रंग चौथ्या तासिकेच्या शेवटीच लावून ठेवा.