पंखांतले छर्रे

नमस्कार श्रोतेहो. आज आपण जाऊ या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या सफोकमध्ये, ब्लायथबर्ग नावाच्या खेड्यात. गाव एवढंसं, पण होली ट्रिनिटी चर्च अवाढव्य. दलदलीपलीकडून मैलभरावरून दिसतं, म्हणून लोक त्याला 'दलदलीतलं कॅथीड्रल' म्हणतात. 15 व्या शतकात ते उभं राहिलं तेव्हा इथं बंदर होतं. पुढे नदी गाळानं भरली, व्यापार गेला, चर्च राहिलं. या मुलखात बांधकामाचा चांगला दगड नाही, त्यामुळे भिंती गारगोट्यांच्या आहेत.

आत शिरल्यावर सगळ्यांच्या माना वर जातात. मला मात्र आधी बाकांपाशी थांबावंसं वाटतं. बाकांच्या टोकांवर लाकडात छोटी माणसं कोरली आहेत, त्यांतली काही म्हणजे ख्रिस्ती धर्मातली महापापं. आळस अंथरुणात उठून बसलाय. लोभानं पैशांच्या पेटीवर ठाण मांडलंय. खादाडाचं पोट पुढं आलंय. राक्षस म्हणून नाही, गावातलीच माणसं म्हणून कोरलीत ती! ज्याला अक्षर येत नव्हतं, त्यालाही बसल्या जागी कळत असणार. शतकानुशतकांच्या हातांनी त्यांचे कोपरे गुळगुळीत झाले आहेत.

आता वर बघू या. छताच्या तुळयांवर, मधोमध, पाठीला पाठ लावून पंख पसरलेले लाकडी देवदूत. मूळ रंग विटलाय, पण पुसला गेलेला नाही. या देवदूतांत शिशाचे छर्रे सापडले, आणि बोट गेलं ते विल्यम डाउसिंगकडे. हा प्युरिटन, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती-चित्रांना विरोध करणारा कट्टर प्रोटेस्टंट, 9 एप्रिल 1644 ला इथं आला होता. पार्लमेंटनं मूर्ती आणि चित्रं काढून टाकायचा हुकूम काढला होता, त्याची अंमलबजावणी करायला. वीस देवदूत उतरवायचे, असं त्यानं स्वतःच्या रोजनिशीत नोंदवलं आहे. त्यामुळे त्याच्या माणसांनी खालून बंदुका झाडल्या, ही गोष्ट सगळ्यांना पटली.

पण छर्रे निघाले 18 व्या शतकातले. छतात जॅकडॉ पक्षी, म्हणजे आपल्या कावळ्याचे भाऊबंद, घरटी करत. त्यांना मारायला चर्चच्याच कारभाऱ्यांनी बंदुकीची दारू आणि छर्रे यांचे पैसे मोजले होते. डाउसिंगनं इंग्लंडच्या चर्चमधल्या कलेचं केलेलं नुकसान मोठं आहे, त्याबद्दल मला आजही हळहळ वाटते. पण हे छर्रे त्याच्या नावावर घालता येत नाहीत. ते झाडले चर्च जपणाऱ्यांनीच, पाखरांवर नेम धरून, आणि लागले देवदूतांना.