गाण्यामागचे नाव

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सिंधुदुर्गात डबलबारी भजनाचा, म्हणजे दोन बुवांमधल्या गायनाचा, सामना रंगात आला, की श्रोत्यांतून एखादा उठतो, दाटीतून वाट काढत मंचापर्यंत जातो आणि मनाला भावलेल्या गजरासाठी बुवांच्या हातावर 50 किंवा 100 रुपयांची नोट ठेवतो. ध्वनिक्षेपकावरून त्याच्या नावाचा आणि वाडीचा पुकारा होतो. बुवा ती नोट कपाळाला लावतात, पेटीवर ठेवतात आणि पुढचे कडवे उचलतात. दुसऱ्या दिवशी हाच श्रोता त्याच बुवांचे ध्वनिमुद्रण मित्राच्या मोबाइलमधून आपल्या मोबाइलमध्ये घेतो, तेव्हा आपण कोणाचे काही देणे लागतो असे त्याच्या मनातही येत नाही. हा माणूस लबाड नाही, कंजूष तर नाहीच नाही. मग एकाच गाण्यासाठी त्याच्या मनात हे दोन वेगळे हिशेब कसे राहतात, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षे पडलेला आहे आणि त्याविषयीच आज मी आपल्याशी बोलणार आहे.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि आमच्या वाडीच्या भजनी मंडळात पेटीची साथ करतो. 2008 साली मंडळाने वर्गणी काढून एक सीडी काढली. 500 प्रती, किंमत 60 रुपये. सीडीच्या वेष्टनातील कागदावर आम्ही सर्वांची नावे छापली होती : बुवा, पखवाजवादक, झांजवादक, कोरस आणि गौळणी रचणारे आमच्या वाडीतले एक काका. हे काका शिवणकाम करीत. शाळेचे गणवेश शिवता शिवता ते मनाशी ओळी जुळवीत आणि कापड मापण्याच्या खडूने त्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवीत. आपले नाव छापलेले त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले, ते त्या कागदावर.

पहिल्या गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी आणि गावकऱ्यांनी मिळून 300 हून अधिक प्रती नेल्या. पुढच्या वर्षी 40 सुद्धा गेल्या नाहीत. कारण मला त्याच सुमारास एका रिक्षात कळले. रिक्षात आमचीच गौळण लागली होती आणि समोरच्या लहानशा पडद्यावर तिचे नाव झळकत होते, ‘ट्रॅक 07’. मी चालकाला विचारले, तेव्हा तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, “गुरुजी, ही गौळण माका लय आवाडता, पण खयच्या बुवांची ती काय माका म्हायत नाय.” एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात 50 रुपयांत त्याने गाण्यांचे मेमरी कार्ड भरून घेतले होते. त्यात 400 गाणी होती आणि त्यातलीच एक आमची.

मला राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. तरीही त्याच्याशी वाद घालण्याऐवजी दुसऱ्या दिवशी मी त्याला सीडीतला तो कागद नेऊन दिला. त्याने तो तिथेच उभ्याउभ्या वाचला आणि एका नावावर बोट ठेवून विचारले, “गौळण लिवणारे हे म्हंजे आमचे शाळेचे कपडे शिवत, ते काय?” पुढे आठवड्याभरात काकांनी मला सांगितले, की एक रिक्षावाला दुकानासमोर थांबला, त्याने 100 रुपयांची नोट शिलाई यंत्रावर ठेवली आणि ‘गौळणीचे’ एवढेच म्हणून तो निघून गेला.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की फुकट घेणे आणि मोल देणे यांच्यातला फरक श्रोत्याच्या नीतीपेक्षा त्याच्या माहितीवर अधिक ठरतो. ज्या गाण्यामागे माणूस दिसतो त्याचे देणे लोक मानतात. ज्यामागे कोणी दिसत नाही ते गाणे रानातल्या करवंदासारखे सर्वांचे होते. फाइलींच्या देवघेवीत कलावंताचे पैसे बुडाले, हे खरेच आहे. परंतु त्याआधी त्याचे नाव बुडाले, आणि पैसे त्यामागून गेले.

हे नाव नेमके कोठे गळून पडले, ते जरा बारकाईने सांगतो. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर प्रत्येक सेकंदाला 14 लाखांहून अधिक बिट एवढी ध्वनीची माहिती असते. त्यामुळे पाच मिनिटांचे एक गाणे सुमारे 53 मेगाबाइट जागा घेते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी विकसित करण्यात मोठा वाटा उचललेल्या एमपी 3 या पद्धतीने, कानाला सहसा जाणवत नाहीत असे ध्वनीचे अंश गाळून, तेच गाणे पाचेक मेगाबाइटमध्ये बसवता येऊ लागले. आता गंमत अशी, की बहुतेक सीडींमध्ये गाण्यांची नावे ध्वनीसोबत साठवलेलीच नसतात; ती छापलेल्या कागदावर असतात. संगणकावर सीडी उतरवली जाते तेव्हा संगणक गाण्यांच्या लांबीवरून ती सीडी ओळखतो आणि इंटरनेटवरील एखाद्या सूचीतून नावे आणतो. आमच्या वाडीची सीडी अशा सूचीत असण्याचे कारणच नव्हते. म्हणून संगणकाने आपला क्रमांक टाकला, ‘ट्रॅक 07’. नावे हाताने भरायची म्हटले, तरी एमपी 3 फाइलींसाठी 1996 साली पुढे आलेल्या पहिल्या पद्धतीत त्यासाठी फाइलीच्या शेवटी अवघी 128 बाइट जागा होती. त्यात गाण्याला 30 अक्षरे आणि गायकाला 30 अक्षरे, तीही रोमन. कवीसाठी आणि संगीतकारासाठी वेगळा रकानाच नव्हता. आमचे काका त्या 128 बाइटांत मावणारे नव्हते. पुढे या पद्धती सुधारल्या, देवनागरीही आली, परंतु तोवर हजारो गाणी अनाम होऊन कार्डांमधून गावोगाव पोहोचली होती.

सीडी विकत न घेणाऱ्यांचीही एक बाजू आहे आणि ती मला पटते. तालुक्याच्या गावी कॅसेट-सीडीचे दुकान एखादेच असे आणि तेथे हवे ते मिळेल याची खात्री नसे. एका गाण्यासाठी आठ गाण्यांचे पैसे मोजावे लागत. आपल्या पावसात चार महिने कपाटात राहिलेल्या कॅसेटला बुरशी धरते आणि मायेने जपलेली सीडी ऐन वेळी अडखळू लागते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. शिवाय ‘आपण दिलेले पैसे कंपनीलाच जातात, गाणाऱ्याला काय मिळते?’ हा प्रश्न लोक विचारत, आणि तो गैर नव्हता; ठरलेली रक्कम एकदाच हातावर ठेवून सर्व हक्क लिहून घेण्याची रीत आपल्याकडे फार काळ चालली. 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार यांच्या मानधनातील हिश्शाला संरक्षण मिळाले. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत केलेली मांडणी आपल्याला स्मरत असेल. त्याच दुरुस्तीने, आपल्या कलाविष्काराचा कर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी, हा हक्कही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मिळाला. कायद्याने नावाची किंमत ओळखली, ही गोष्ट मला पैशाच्या तरतुदीइतकीच मोलाची वाटते.

जगात हा झगडा मोठा झाला तो 1999 साली अमेरिकेत, इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकातली गाणी फुकट घेऊ देणारे नॅपस्टर सुरू झाले तेव्हा. दोन वर्षांत न्यायालयाच्या आदेशाने ते बंद पडले, पण त्याच्या जागी दुसरी साधने आली. 2003 सालच्या सप्टेंबरात तेथील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने 261 सामान्य श्रोत्यांवर दावे लावले आणि त्यानेही देवघेव थांबली नाही. फाइलींमुळे सीडीची विक्री खरोखर किती घटली, याविषयी अर्थशास्त्रज्ञांतही मतभेद राहिले; फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या दोघांना आपल्या अभ्यासात हा परिणाम जवळजवळ शून्य आढळला, तर इतर अनेकांना तो ठळक दिसला. आमच्या 500 प्रतींचा हिशेब त्या वादात कोठे बसत नाही. मात्र एवढे मी सांगू शकतो, की कार्डावरून आवाज घरोघर गेल्यामुळे बुवांना पुढच्या वर्षी जास्त गावांतून सुपाऱ्या आल्या. बुवांची झीज अशी भरून निघाली. काकांना कोण सुपारी देणार होते? गौळण रचणाऱ्याला जत्रेत कोणी मंचावर बसवत नाही. फुकट ऐकण्याने कलावंताचा प्रसारच होतो असे म्हणणारे गाणाऱ्याचा विचार करतात, रचणाऱ्याचा आणि साथीदाराचा करीत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

पैसा कसा पोहोचवावा याचे मार्ग निघू शकतात. जर्मनीने 1965 सालच्या कायद्यानेच घरगुती ध्वनिमुद्रणासाठी यंत्रांवर आकार बसवला आणि तो कलावंतांकडे वळवला. आपल्याकडेही रेडिओ ऐकण्यासाठी एके काळी टपाल कार्यालयात वार्षिक परवाना-शुल्क भरावे लागे, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी ते निमूटपणे भरले. पण असा पैसा वाटायचा तरी तो कोणाला वाटायचा हे कळण्यासाठी पुन्हा नावच लागते.

नावासाठी श्रोत्यांनी आग्रह धरला तर काय होते, याचे उदाहरण रेडिओच्याच इतिहासात आहे. 1949 साली ‘महल’ चित्रपट आला, तेव्हा त्यातल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून ‘कामिनी’ असे छापलेले होते. ते चित्रपटातील पात्राचे नाव. गाणे लागताच आकाशवाणीकडे पत्रांचा ओघ सुरू झाला, ही गाणारी कोण? शेवटी आकाशवाणीने तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे चौकशी केली आणि खरे नाव प्रसारित केले, ते होते लता मंगेशकर. मंगेशी या गावावरून आडनाव घेतलेल्या घरातली ही मुलगी देशाला नावानिशी ठाऊक झाली, त्यात त्या पत्रे लिहिणाऱ्या श्रोत्यांचाही वाटा होता. गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगण्याची रेडिओची शिस्त मी लहानपणी अंगणात बसून ऐकली आहे. अनेक कवींची नावे मला पुस्तकांच्या आधी तेथेच कळली. त्याहीपूर्वी, 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःच आपले नाव उच्चारीत, कारण तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार व्हायच्या आणि तेथल्या कामगारांना कोणाचा आवाज कोणता हे कळावे लागे.

आणि आपल्या मराठी परंपरेने तर हा प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता. अभंग कोणी विकत घेतले नाहीत. ते वह्यांतून वह्यांत उतरवले गेले, कानातून कानात गेले, वारीतून आणि देवळांच्या सभामंडपांतून शेकडो वर्षे सर्वांना मोफत मिळाले. याहून मोठी फुकट देवघेव आपल्या भाषेत झालेली नाही. तरीही तुकोबांचे नाव हरवले नाही, कारण ‘तुका म्हणे’ हे शब्द अभंगाच्या आतच विणलेले आहेत. ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ हेही तसेच. नक्कल करणाऱ्याला नाव गाळायचे असेल तर चरणच मोडावा लागतो. रत्नागिरीकडच्या शक्ती-तुरा या सवाल-जवाबी लोकगायनाच्या शाहिरांनीही गाण्याच्या शेवटी आपले आणि गुरूचे नाव गुंफण्याची चाल ठेवली आहे.

आमच्या काकांच्या गौळणींत त्यांची अशी नाममुद्रा नव्हती. आपण संतांच्या पंक्तीला कसे बसावे, असे ते संकोचाने म्हणत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या शेवटच्या वह्यांमधल्या काही गौळणी आम्ही गेल्या चतुर्थीला मोबाइलवरच ध्वनिमुद्रित केल्या आणि कोणालाही घेता येतील अशा सोडून दिल्या. सीडी वाजवण्याचे यंत्र आता वाडीत कोणाकडे उरलेले नाही. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाल्यावर कार्ड भरून देणारे ते दुकानही आता मोबाइलची काच बदलून देते. फाइल मुंबईला जाईल, आखातात जाईल, तिचे नाव पुन्हा कोणीतरी पुसेल, हे आम्ही धरूनच चाललो. म्हणून प्रत्येक गौळणीच्या आधी, पेटीचा सूर धरलेला असताना, बुवा गौळण रचणाऱ्याचे नाव, त्यांची वाडी आणि पखवाजाला कोण बसले आहे ते सांगतात, आणि मगच पहिली ओळ उचलतात. नाव आणि सूर यांच्यामध्ये आम्ही मुद्दाम जागा सोडलेली नाही. कापणाऱ्याला नाव कापायचे झालेच, तर गौळणीचा पहिला सूरही त्याबरोबर तुटेल.

नमस्कार.