खोताचीवाडीत कौल बदलायचं तर

(लघुमाहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य: उन्हाळी दुपार. जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून कॅमेरा वाडीच्या बोळात वळतो.]

मे महिना अर्ध्यावर आला की गिरगावच्या खोताचीवाडीत ज्याच्या त्याच्या तोंडी छप्पर असतं. कुठलं कौल तडकलंय, आढ्याजवळ ओल कुठून येते, पन्हळ कुठे गंजलीय, कौलांखालच्या कुठल्या रिपेला, म्हणजे लाकडी पट्टीला, वाळवी लागलीय. पाऊस तोंडावर असतो, सुतार मिळत नाही आणि मिळाला तर तो कोकणात गावी जायच्या बेतात असतो. हे सगळं जुन्या घरात राहणाऱ्या कुणाच्याही ओळखीचं आहे. खोताचीवाडीत त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडते. काम काढायच्या आधी परवानगी लागेल का? लागली तर ती पावसाच्या आत मिळेल का?

[दृश्य: घरांचे दर्शनी भाग. बाहेरून चढणारा लाकडी जिना, ओटी, कठडा.]

ही जमीन दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची. वाडीला नाव त्यांचंच. त्यांच्याकडून ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांनी जागा घेतल्या आणि आपापली घरं बांधली. वर उतरतं कौलारू छप्पर, पुढे ओटी, वरच्या मजल्यावर जायला अंगाबाहेरून लाकडी जिना आणि खिडक्यांना झिलमिल्या, म्हणजे ऊन बाहेर राहतं आणि वारा आत येतो. इथं एके काळी पासष्टच्या आसपास घरं होती असं सांगतात. आज त्याच्या निम्मीही राहिलेली नाहीत. बोळाच्या कुठल्याही टोकाला उभं राहून मान वर केली की मागचे टॉवर दिसतात.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. शहराच्या बांधकाम नियमांतच जुन्या इमारतींना संरक्षण देणारी ही देशातली पहिली नियमावली. सहाशेहून अधिक नोंदींची यादी तयार झाली आणि मुंबई वारसा जतन समिती नेमली गेली. यादीतल्या इमारतींना श्रेण्या आहेत. पहिल्या श्रेणीत जवळजवळ कशालाच हात लावता येत नाही. दुसऱ्या श्रेणीत आतले बदल चालतात, पण दर्शनी भागाला हात लावायचा तर तपासणी होते. तिसऱ्या श्रेणीत आत-बाहेर बरंच काही करता येतं, फक्त मूळ वास्तूला बाध येता कामा नये. याशिवाय आणखी एक प्रकार आहे आणि आपला विषय तोच. वारसा परिसर. म्हणजे एकेकटं घर फार मोठं नसेल, त्यात कुणी थोर माणूस जन्मलाही नसेल, पण ओळीनं उभी असलेली सगळी घरं मिळून जे काही होतं ते जपण्यासारखं आहे, म्हणून अख्खी वाडीच यादीत.

ही कल्पना मला फार मोलाची वाटते. किल्ले, देवळं, राजवाडे आपण वारसा म्हणून सहज मानतो. साध्या माणसांची राहती घरंही त्यात बसतात, हे कायद्यानं मान्य करायला १९९५ साल उजाडावं लागलं.

पण राहत्या घराची गोष्ट निराळी असते. त्यात माणसं राहतात. म्हातारपणी गुडघे दुखायला लागले की खालच्या मजल्यावर संडास हवा असतो. मुलाचं लग्न ठरलं की एक खोली वेगळी काढायची असते. एसी बसवायचा असतो, आणि त्याचा बाहेरचा डबा नेमका कुठे टांगायचा हा प्रश्न असतो.

[दृश्य: पालिकेच्या वॉर्ड ऑफिसचा जिना. फायली.]

नियमावलीचं म्हणणं थोडक्यात असं. यादीतल्या वास्तूत बांधकाम, पाडकाम, वाढ, फेरफार, दुरुस्ती, नूतनीकरण, अगदी रंगकाम आणि गिलावासुद्धा आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय करायचा नाही. आयुक्तांनी वारसा समितीचा सल्ला घ्यायचा. आज हा विषय विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये आहे, नियम क्रमांक ५२.

आता याच्या शेजारी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधलं कलम ३४२ ठेवून बघू. घरातल्या फेरफारांची नोटीस पालिकेला देण्याचं हे कलम. त्यातून काही कामांना सूट आहे. कायदा त्यांना राहण्यायोग्य ठेवण्यासाठीच्या दुरुस्त्या म्हणतो. गिलावा, रंग, फरशा बदलणं, नळ आणि ड्रेनेजचे पाइप, संडास-बाथरूमची दुरुस्ती, वायरिंग. आणि छप्पर बदलणं, पण त्याच साहित्याचं. कौलाच्या जागी कौल चालतं. कौल काढून पत्रा घातला, छप्पर सपाट केलं, भिंत काढली, पोटमाळा वाढवला, जोतं खाली घेतलं, तर सूट संपली.

हे कलम मी ज्याला त्याला वाचून दाखवतो. पालिकेच्या साध्या कायद्यात, साध्या दुरुस्तीच्या व्याख्येत, जतनाचं सगळ्यात महत्त्वाचं तत्त्व बसलेलं आहे. जे होतं, त्याच साहित्यानं दुरुस्त करा. शहरातल्या इतर घरांना एवढं पाळलं की पुरतं. वारसा परिसरातल्या घरमालकाला मात्र हेच काम काढताना आधी विचारायला लागतं. कामाचे फोटो, आर्किटेक्टचा नकाशा, इंजिनिअरचा अहवाल अशी सगळी फाइल करायची तर त्या कागदांचा खर्च कधी कधी कौलांच्या खर्चाला भिडतो. मग मे महिन्यात होतं काय? छपरावर निळी ताडपत्री चढते. ती एका पावसाळ्यापुरती असते आणि पुढच्या पावसाळ्यातही तिथंच असते.

[दृश्य: छप्पर जवळून. सुतार एकेक कौल काढतो आहे.]

ताडपत्रीखाली काय चाललेलं असतं ते जरा जवळून पाहू.

कौल फुटलं की पाणी आधी रिपेवर उतरतं, रिपेवरून वाशावर आणि वाशावरून त्याच्या टोकाला. वाशाचं टोक भिंतीत जिथं घुसतं तिथं हवा लागत नाही. लाकूड सडायला सुरुवात होते ती तिथं, आणि खाली उभं राहून ते दिसत नाही. बाहेरून वासा धडधाकट असतो. जाणता सुतार हातोडीच्या दांड्यानं टोकाकडे ठोकत जातो. चांगलं लाकूड खणखणतं आणि सडलेलं बद्द वाजतं. तो खडूनं खूण करतो, तेवढाच भाग कापतो, उरलेल्या सागाला तिरपी खाच घेऊन नवा साग सांधतो आणि बोल्ट आवळतो. अख्खा वासा बदलत नाही, कारण जुन्या सागाच्या तोडीचं लाकूड आज वखारीत पैसे मोजूनही मिळेल याची खात्री नसते. खांबाचंही तसंच. पायाशी हातभर सडलेला खांब टेकू लावून उचलतात, खालचा तुकडा नवा देतात आणि वरचा शंभर वर्षांचा तसाच ठेवतात.

कौलांची कथा आणखी वेगळी. आपण मंगलोरी कौल म्हणतो ते १८६५ पासूनचं. बासेल मिशननं त्या साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर ही कौलं पसरली. कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचा छाप दिसतो. पण एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. जुन्या छपराला जुनंच कौल लागतं, आणि ते मिळतं कुठं? दुसरं एखादं घर पाडलं जातं तिथं. आपलं घर वाचवायला कुठल्या तरी पडलेल्या घराची कौलं वापरायची, ही वेळ वाडीतल्या घरमालकांवर येते.

भिंतीच्या बाबतीत चूक होते ती बहुतेक चांगल्या हेतूनं होते. जुनी भिंत चुन्यातली असते. चुना ओल शोषतो आणि सोडूनही देतो. गिलावा पडला की कंत्राटदार म्हणतो, सिमेंट मारू, पुन्हा बघायला नको. सिमेंटखाली ओल अडकते, मग तुळईच्या टोकाकडे सरकते. पाच-सात वर्षांनी गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि आतलं लाकूड काळं पडलेलं असतं. परवानगी मागायला लावणारा नियम इथं खरोखर कामाचा ठरतो, कारण समितीवर हे जाणणारी माणसं असतात. नियमाला माझा विरोध नाही. काम काढणाऱ्याला योग्य सल्ला वेळेत मिळत नाही, हे माझं दुखणं आहे.

[दृश्य: ओव्हल मैदान. एका बाजूला राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग.]

गिरगावातून दक्षिणेला ओव्हल मैदानापाशी आलं की हेच प्रश्न वेगळ्या पोशाखात भेटतात. २०१८ साली युनेस्कोनं इथल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा ठरवलं. एकूण ९४ इमारती. पूर्वेला न्यायालय आणि विद्यापीठ, पश्चिमेला राहते फ्लॅट. जागतिक वारशाच्या आत लोकांचे कपडे वाळत असतात, यात मला काही वावगं वाटत नाही. इथं लाकूड नाही, आरसीसी आहे. खाऱ्या हवेनं आतली सळई गंजते, फुगते आणि छज्जाचे तुकडे खाली पडतात. आणि मुंबईची जुनी सवय इथंही आहेच. बाल्कनी काच लावून खोलीत घ्यायची. एका घरानं घेतली तर इमारतीचं काही बिघडत नाही असं त्या घराला वाटतं. पण आर्ट डेको इमारतीचं रूप म्हणजे एकावर एक वळत गेलेल्या बाल्कन्यांची रेघ. एका मजल्यावर ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आली की ती रेघ तिथं तुटते.

[दृश्य: शिवाजी पार्कचा कट्टा.]

२०१२ साली पालिकेनं वारसा यादीत भर घालायचा प्रस्ताव आणला. त्यात शिवाजी पार्क आणि दादरची हिंदू कॉलनी आली. विरोध जोरात झाला. रहिवाशांचं म्हणणं उघड होतं. इमारती साठ-सत्तर वर्षांच्या, लिफ्ट नाही, बरेच लोक वयस्क. पुनर्विकास अडकला तर आम्ही काय करायचं? आपल्या मराठी मध्यमवर्गाला वारशाची कदर नाही, असा शेरा तेव्हा काहींनी मारला. तो मला अन्यायाचा वाटतो. ज्या माणसाची सगळी पुंजी त्या चार भिंतींत आहे त्याला तुम्ही यादीत नाव घातल्याचं कळवता, दुरुस्तीच्या पैशाचं मात्र काहीच बोलत नाही. तो घाबरणारच.

गिरगावात पैशाचा गुंता आणखी जुना आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. चाळीचं महिन्याचं भाडं आज चहा-नाश्त्याच्या बिलाइतकंही नसतं, तेव्हा मालक दुरुस्ती करत नाही आणि भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही. १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं, इमारतींवर उपकर बसला. उपकरप्राप्त इमारतींचं पुढे बरंच राजकारण झालं. त्यातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी येते. १९९९ साली वारसा नियमात बदल झाला आणि तिसऱ्या श्रेणीतल्या व परिसरांतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी वारसा समितीच्या संमतीची गरज उरली नाही.

शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोघांची कल्पना करा. एकाला जुन्या घराला रंग द्यायचा आहे, त्याच्यासाठी समिती आहे. दुसऱ्याची उपकरप्राप्त इमारत आख्खी पाडून तिथं टॉवर उभा राहायचा आहे, त्याच्या वाटेत समिती नाही. घर राखणाऱ्याची वाट अवघड आणि पाडणाऱ्याची सोपी. गिरगावात गेली पंचवीस वर्षं जे घडलं त्यात या एका बदलाचा वाटा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: पुन्हा वाडी. रंगवलेलं घर, शेजारी बंद घर.]

१९९५ च्या नियमावलीतच दुरुस्ती निधीची तरतूद होती. आयुक्तांच्या हाती वेगळा निधी असावा आणि त्यातून यादीतल्या घरांना मदत द्यावी, असं तिथं म्हटलेलं आहे. टीडीआर (न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची सोय) आहे, पण तो ज्याचा जास्तीचं बांधकाम करण्याचा हक्क बुडतो त्याच्यासाठी. ज्याला काहीच वाढवायचं नाही, आहे तेवढंच टिकवायचं आहे, त्याच्या सुताराची मजुरी त्यातून निघत नाही. त्याला निधीच हवा. आणि हवा वॉर्ड ऑफिसात बसणारा, चुना आणि लाकूड कळणारा एक अभियंता, जो छपरावर स्वतः चढेल आणि कौलाच्या जागी कौल घालायला तिथल्या तिथं लेखी होकार देईल. मोठ्या बदलांच्या फायली समितीकडे जाऊ देत. पावसाळी दुरुस्तीची फाइल आठवड्यात निघाली पाहिजे.

तोवर ज्यांची घरं अशा परिसरात आहेत त्यांनी एवढं करावं. काम दिवाळीनंतर ठरवा, मे महिन्यावर ढकलू नका. कंत्राटदाराला बोलावण्याआधी घराचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, जिना, कठडा, खिडक्यांचे जवळून. तुमचं घर यादीत स्वतंत्रपणे आहे की परिसराचा भाग म्हणून, आणि श्रेणी कोणती, हे पालिकेत लेखी विचारून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. अर्जात कुठलं साहित्य काढणार आणि कुठलं घालणार हे ओळीनं लिहा. शेजारच्या दोन-तीन घरांचंही काम असेल तर आर्किटेक्ट एकच घ्या आणि सुतारही एकच. खर्च वाटला जातो. आणि कुणाचं घर पाडलं जात असेल तर ट्रक यायच्या आधी जाऊन कौलं, वासे, खिडक्यांच्या चौकटी मागून आणा. छाप बघून घ्यायला विसरू नका.