मारण्याच्या आधी काय झाले?

श्रोतेहो, नमस्कार.

पोळा तोंडावर आला आहे, डवरणी आटोपत आली आहे आणि घरोघरी माळ्यावर ठेवलेले लाकडी बैल तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, खाली उतरू लागले आहेत. या दिवसांत लहान मुले घोळक्याने फिरतात, आणि त्या घोळक्याच्या बाहेर ठेवलेले एखादे मूलही गावात असतेच. आजचे बोलणे त्या मुलाविषयी आहे. चार-पाच वर्षांच्या ज्या मुलाला इतर मुले खेळात घेत नाहीत, ते मूल काही दिवसांनी ढकलू लागते, चावू लागते, हातात दगड घेऊ लागते, आणि मग गाव म्हणते, पोरगे मारके आहे. माझे सांगणे एवढेच आहे की मारणे ही दुसरी घटना असते. पहिली घटना त्याआधी घडून गेलेली असते आणि ती मोठ्या माणसांनी पाहिलेली नसते.

मुलांची कट्टी होते आणि संध्याकाळपर्यंत बट्टीही होते. त्यात मोठ्यांनी पडण्याचे कारण नाही. मी बोलतो आहे ते रोजच्या रोज, सगळ्यांनी मिळून, एकाच मुलाला बाजूला ठेवण्याविषयी.

काही वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातील एका गावात तान्ह्या पोळ्याच्या बैलसजावटीचे परीक्षण करण्यासाठी मला बोलावले होते. पाच वर्षांच्या मुलांमध्ये पहिला आणि दुसरा नंबर लावण्याची काही गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्याचे वडील बाजारातून मोठा बैल आणतात त्याच्याकडे बक्षीस जाते आणि गावच्या सुताराने घडवलेला जुना सागवानी बैल मागे राहतो. पण बोलावणे आले होते, आणि तान्हा पोळा पाहायला मिळतो म्हणून मी गेलो होतो.

त्या गावात एका शेतकऱ्याकडे पाडव्याला नवा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, लागला होता. कुटुंब मेळघाटातले, घरात कोरकू बोलणारे. त्यांचा मुलगा पाच वर्षांचा होता आणि अंगणवाडीत जाऊ लागला होता. गावातल्या मुलांची बोली त्याला हळूहळू कळत होती. पण खेळाचे नियम ज्या वेगाने ठरतात आणि बदलतात, त्या वेगाने त्याला ते कळत नसत. तो चुकायचा, म्हणून मुले त्याला घेत नसत. पुढे पुढे तो चुकण्याचीही वाट कोणी पाहत नसे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पहाटे मुले पळसाच्या डहाळ्या घेऊन गावाच्या शिवेकडे निघाली. रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत, ही गावाची पीडा शिवेबाहेर घालवण्याची आरोळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. त्या दिवशी एका मुलाने तिच्यात भर घातली, ‘सालदाराच्या पोराले घेऊन जा गे मारबत’, आणि बाकीच्यांनी ती उचलून धरली. तो मुलगा त्यांच्या मागे डहाळी घेऊन चालत होता. मोठी माणसे हसली आणि आपापल्या कामाला लागली.

दुपारी मारुतीच्या देवळासमोर बैलांची रांग लागली. रंगवलेली शिंगे, बेगड, गोंडे, घुंगरांच्या माळा, पाठीवर मखमली झुली. या मुलाचा बैल त्याच्या वडिलांनी कडुनिंबाच्या लाकडातून तासून काढला होता. चाकांच्या जागी प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणे खिळ्यांनी ठोकलेली होती आणि झूल आईच्या लुगड्याच्या काठाची होती. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. शेवटच्या मुलाने आपला बैल त्याच्यापासून दूर सरकवला आणि म्हटले, ‘इथं जागा नाही.’ तो दुसऱ्या टोकाला गेला, तिथेही तेच झाले. मध्ये शिरायला गेला, तर दोन बैल एकमेकांना चिकटले.

तेव्हा तो पारावर जाऊन बसला. या वेळेला त्याने जे केले, ते माझ्या मते त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे होते. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हा गजर झाला की रांगेतली मुले ओरडत, आणि त्यांच्यापाठोपाठ हा मुलगाही पारावरून, सर्वांत मोठ्या आवाजात, शब्द अर्धे चुकीचे लागत असताना, ओरडत असे. आपला बैलही तो रांगेतल्या मुलांसारखाच मागेपुढे हलवत होता. रांगेतल्या एका मुलाने मान वळवून त्याला सांगितले, ‘तू नको म्हणू.’

तो पारावरून उतरला, दगड उचलला आणि रांगेतल्या सर्वांत मोठ्या बैलाच्या शिंगावर घातला. शिंग आणि एक कान तुटून पडला. दुसरा दगड बैलाच्या मालकाच्या दंडाला लागला. हे विसरू नका की ज्याला दगड लागला, त्या मुलाने त्याला एका शब्दानेही दुखावले नव्हते.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. कोणीतरी त्याचे बखोट धरले, कोणी चापट मारली, ज्याचा बैल तुटला त्याची आई रागाने थरथरत होती, आणि मुलाचे वडील मालकासमोर हात जोडून, त्याच हातांनी मुलाला मारायला वळले. तेवढ्यात अंगणवाडीच्या बाई मध्ये आल्या. त्यांनी आधी लागलेल्या मुलाचा दंड पाहिला, त्याला पाणी लावले, त्याच्या आईला दोन शब्द सांगितले. मग त्या सगळ्या मुलांकडे वळून म्हणाल्या, ‘यानं दगड मारला, थे म्या पाह्यलं. त्याच्या आंधी काय झालं, थे सांगा मले.’

मुले गप्प झाली. बाईंनी पुन्हा तेच विचारले, आवाज न चढवता. शेवटी रांगेतली सर्वांत लहान मुलगी बोलली आणि तिने पहाटेच्या आरोळीपासून सगळे सांगितले. मोठ्या माणसांपैकी अर्ध्यांनी माना खाली घातल्या.

बाईंनी त्या मुलाला त्याच क्षणी माफी मागायला लावली नाही. त्यांनी त्याचा बैल उचलून त्या लहान मुलीच्या बैलाशेजारी, रांगेच्या मध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तुटलेले शिंग त्याच्या वडिलांनी बसवले आणि डिंक वाळेपर्यंत ते धरून बसण्याचे काम त्या मुलाला दिले. त्याआधी, तान्ह्या पोळ्याच्याच संध्याकाळी, बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला त्याला एकट्याला न पाठवता चार मुलांच्या टोळीत पाठवले, आणि प्रत्येक दाराशी पाचही मुलांच्या हातावर पैसे पडले. दिवाळीनंतर बाई मला भेटल्या, तेव्हा म्हणाल्या की मध्यंतरी तो एकदा एका मुलाला चावला होता. मग मात्र तसे झाले नव्हते.

आता शास्त्र काय सांगते ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २००१ मध्ये जीन ट्वेंगी, रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन तरुणांवर प्रयोग केले. ‘तुमच्यासोबत काम करायला कोणी तयार नाही’, असे ज्यांना सांगितले गेले, ते इतरांशी अधिक आक्रमकपणे वागले. ज्याच्याशी त्यांचा काही संबंधही आला नव्हता, अशा माणसालाही त्यांनी अधिक कर्कश आवाजाची शिक्षा दिली. मात्र ज्याने त्यांचे कौतुक केले होते, त्याच्यावर त्यांनी राग काढला नाही. हे मोठ्या मुलांचे झाले. पाच वर्षांच्या मुलांविषयी हॅरिएट ओव्हर आणि मलिंडा कार्पेंटर यांचा २००९ मधला अभ्यास आहे. कोणालातरी वगळले जात आहे अशी छोटी चित्रफीत मुलांना दाखवली, तर त्यानंतर ती समोरच्याची नक्कल अधिक बारकाईने करू लागतात. म्हणजे वगळले जाण्याची जाणीव झाली की लहान मूल आधी तुमच्यासारखे होऊन दाखवते. पारावरून झडती म्हणणारा तो मुलगा आठवा. ती त्याची विनंती होती.

ती विनंती फेटाळली गेली की काय होते, हे किप्लिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने मांडले आहे. वगळल्यामुळे माणसाच्या चार गरजांना धक्का बसतो: आपले कोणीतरी असणे, स्वतःविषयी बरे वाटणे, घटनांवर आपला काही ताबा असणे आणि आपल्या असण्याची कोणी दखल घेणे. आपलेपणा मिळण्याची आशा संपली की ताबा आणि दखल तरी मिळावी म्हणून हात उठतो. दगड पडला की सगळे गाव वळून पाहते.

आणि यातून एक फेरा तयार होतो. केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये दाखवले की आक्रमक मुलांना समोरच्याचा हेतू स्पष्ट नसला, तरी तो वाईटच वाटतो. चुकून लागलेला धक्का त्यांना मुद्दाम मारलेला वाटतो. मग ती मारतात, मारतात म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून पुन्हा मारतात. प्रत्येक मारणारे मूल वगळलेलेच असते, असे मी म्हणत नाही. घरात मार पाहणारे मूलही मारते. पण मारणे ही दुसरी घटना असते, हे दोन्हीकडे खरे आहे.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. मोठ्यांनी मोठ्यांना वाळीत टाकले तर तो आज गुन्हा आहे. मुलांसाठी असा कायदा नको. पण ‘त्याच्यासोबत खेळू नको’ हे वाक्य मुले कोणाच्या ओसरीवर ऐकतात, याचा विचार आपण ओसरीवर बसूनच करायला हवा. कोणाच्या घरचे पाणी प्यायचे नाही, हे पाच वर्षांच्या मुलाला आपोआप सुचत नाही.

आपल्या खेळांत एक फार शहाणी सोय होती. लहान किंवा नवख्या मुलाला कच्चा लिंबू करून घेत. तो धावे, लपे, पण त्याच्यावर राज्य येत नसे, आणि बघता बघता तो खेळ शिके. अंगणवाडीतल्या बाईंनी आणि घरच्या आजीने ही सोय मुलांना पुन्हा शिकवावी. नव्या मुलाला एकदम दहा मुलांत सोडू नये, एका समजूतदार मुलाशी त्याची जोडी लावावी. मारामारी झालीच, तर ज्याला लागले त्याच्याकडे आधी जावे आणि मारणे चालणार नाही हे स्पष्ट सांगावे. पण त्यासोबत हेही विचारावे की त्याआधी काय झाले. पुन्हा सांगतो, त्याआधी काय झाले, हे मारणाऱ्यालाही विचारा आणि बघणाऱ्यांनाही विचारा.

काही मुले नियम चुकतात ती नीट ऐकू येत नाही म्हणून, किंवा दिसत नाही म्हणून, आणि हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येण्याची तरतूद आहे, आणि ही तपासणी मोफत असते. पथक कधी येणार, हे बाईंना विचारून ठेवा. कापूस वेचणीचे दिवस असले तरी त्या दिवशी मुलाला सोबत शेतावर नेऊ नका, अंगणवाडीत ठेवा आणि पथकातल्या डॉक्टरांना सांगा की हा खेळात मागे पडतो, याचे कान तपासा.

नमस्कार.